मापाचा पाय

लांजेवार बाबूंच्या हातात तुम्ही लग्नपत्रिका देऊन पाहा. ते नवऱ्या मुलाचं नाव वाचणार नाहीत, मुहूर्त वाचणार नाहीत. शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढतील, पत्रिकेवरच्या गोलातल्या गणपतीवर ती आधी आडवी ठेवतील, मग उभी, आणि तुमच्याकडे अशा नजरेनं पाहतील की लग्न पुढं ढकलावं की काय असं तुम्हाला वाटेल.

"हा गोल नाई जी," ते म्हणतील. "आडवा एक्केचाळीस, उभा त्रेचाळीस. अंडं हाये हे."

हे वाक्य ते ज्या पत्रिकेबद्दल बोलले ती माझ्याच मुलीच्या लग्नाची होती, आणि शेजारी माझे व्याही बसले होते. व्याह्यांनी पत्रिका परत हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि मग त्यांनाही ते अंडंच दिसू लागलं. लग्न नीट लागलं, मुलगी सुखात आहे. पण बाबूंवरचा माझा राग जायला पुरते सहा महिने लागले.

सानगडीच्या ज्या शाळेत मी पोरांना चित्रकला शिकवतो, तिथंच लांजेवार बाबू हेडक्लार्क आहेत. सव्वीस वर्षं आम्ही एकाच व्हरांड्यात चहा पितो. उंचीनं बेताचे, अंगानं वाळके, केसांना चपचपीत तेल, आणि बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय. माणूस सरळ. इतका सरळ की त्याच्याशी बोलताना आपलंच काहीतरी वाकडं आहे असं वाटत राहतं.

शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाबूंना तालुक्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. पहिल्या दिवशी एक्सेल शिकवलं. दुसऱ्या दिवशी बाबूंना ताप भरला, आणि तिसऱ्या दिवशी प्रशिक्षण संपलं. त्यामुळे बाबूंना एक्सेल तेवढं येतं, आणि जगात बाकीचं काही नसलं तरी भागतं असं त्यांचं ठाम मत आहे. रजेचा अर्ज एक्सेलमध्ये. शाळेच्या कुंपणाचा नकाशा एक्सेलमध्ये. शेजाऱ्याची म्हैस हरवली तेव्हा तिचं चित्रसुद्धा बाबूंनी एक्सेलमध्येच काढून दिलं, पाच चौकोन आणि दोन वक्र बाणांचं. ते गावभर लावल्यावर तीन जणांनी त्यात आपापली म्हैस ओळखली.

पुतणीच्या लग्नात त्यांनी पत्रिकेवरचा गणपतीही स्वतः काढला. एकवीस लंबगोल, दोन त्रिकोण आणि सोंडेसाठी टोक काढून टाकलेला बाण. स्क्रीनवर गणपती कसा छान भरलेला, तृप्त दिसत होता. छापून आला तो बारीक होऊन. आडव्यात दबला होता आणि उभ्यात ताणला होता. बाबूंच्या बायकोनं, म्हणजे आमच्या सुमनवहिनींनी, पत्रिका पाहिली आणि म्हणाल्या, "गणपतीले उपास पडले काय जी?" बाबू दोन दिवस जेवले नाहीत.

आता मी हाडाचा चित्रकार. फळ्यावर एका हातानं, एका झटक्यात गोल काढतो, आणि पोरं टाळ्या वाजवतात. मला या बाबूंच्या यंत्राची भारी चीड. एकदा मी त्यांना म्हटलं, "बाबू, तुमचा गोल आणि माझा गोल. होऊन जाऊ द्या." मी फळ्यावर काढला. बाबूंनी सुतळी आणली, माझा गोल चार बाजूंनी मोजला, घसा खाकरला आणि म्हणाले, "सर, दीड सेंटिमीटरचा फरक येऊन राहिला." मग स्वतःचा छापलेला गोल मोजला. तीन मिलिमीटर. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण त्या आठ दिवसांत ते उरलेले तीन मिलिमीटर शोधत होते.

इथवर तुम्ही हसला असाल. मीही हसायचो, चांगला पोट धरून हसायचो. पण ती स्टीलची पट्टी बाबूंच्या खिशात पहिल्यापासून नव्हती, आणि ती कशी आली ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

सुमनवहिनींना शुगर होती. बरीच वर्षं होती, आणि तिनं त्यांच्या तळपायांची जाणीव नेली. चपलेत खडा असला तरी कळायचं नाही. गरम फरशीवर उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. एकदा तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, घरी आल्या तर टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, आणि वहिनी मजेत भाजी निवडत बसलेल्या. बाबूंनीच तो पाहिला. डॉक्टरांनी सांगितलं की बाजारची चप्पल आता बंद, पायाच्या मापाची मऊ तळाची चप्पल करून घ्या, आणि कुठं दाबत नाही ना ते रोज पाहा, कारण दाबलं तरी यांना सांगता येणार नाही.

अशी चप्पल करणारे हुसेनभाई नागपूरला. त्यांनी फोनवर सांगितलं, पाय कागदावर ठेवा, पेन्सिल फिरवा, कागद पाठवा. एवढं साधं काम. बाबू माझ्याकडे आले, "सर, तुमचा हात चांगला हाये." मी त्यांच्या घरी जाऊन माझ्या कपाटातल्या जाड कागदावर वहिनींना उभं केलं आणि दोन्ही पावलं काढली. वहिनी गुदगुल्या झाल्यासारख्या हसत होत्या. "होतात का गुदगुल्या?" मी विचारलं. "नाई जी सर," त्या म्हणाल्या, "पन हसाचं तर असते ना."

तो कागद घडी घालून पाठवला असता तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण बाबूंना ते पटेना. पेन्सिल तिरपी होते, रेघ जाड आहे, कागदाला घडी पडली की माप मोडते. त्यांनी माझा कागद स्कॅन केला, एक्सेलच्या पानावर मागे ठेवला आणि त्यावरून एकेक बिंदू देत वहिनींचे दोन्ही पाय नव्यानं काढले. चार संध्याकाळी लागल्या. मी थट्टा केली. म्हटलं, "बाबू, बायकोचे पाय धरायची ही नवी पद्धत दिसते." ते लाजले. फाइल नागपूरला गेली, हुसेनभाईंच्या शेजारच्या दुकानात ती छापली गेली, आणि पंधरा दिवसांनी चपला आल्या. अगदी देखण्या. वहिनी त्या घालून आठवडी बाजार फिरून आल्या.

बाबू रोज विचारायचे, "चावते का व?" वहिनी म्हणायच्या, "नाई जी, मस्त हाये." खरंच सांगायच्या. त्यांना काही चावत नव्हतंच.

डाव्या पायाची करंगळी बाहेरून लाल झाली, आणि आतून काळी झाली तेव्हा फार उशीर झाला होता. भंडाऱ्याला नेलं. करंगळी काढावी लागली.

दवाखान्यातून आल्यावर बाबू शाळेत आले ते थेट माझ्या वर्गात. हातात एक कागद. हुसेनभाईंनी चपलेसोबत ते छापलेलं पान परत पाठवलं होतं. "सर, तुमच्यावाला कागद हाये का?" होता. कपाटात, खडूच्या डब्याखाली. बाबूंनी खिडकीच्या काचेवर माझा कागद धरला आणि त्यावर छापलेलं पान. उजेडात दोन्ही रेघा दिसल्या. माझ्या पायाच्या आत त्यांचा पाय होता, सगळीकडून लहान. बाबूंनी माझ्या टेबलावरची छोटी स्टीलची पट्टी घेतली आणि दोन टप्प्यांत मोजलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत माझा दोनशे चौतीस मिलिमीटर. त्यांचा दोनशे बावीस.

छापताना पान मोठं पडत होतं म्हणून यंत्रानं ते आपोआप बारीक करून पानात बसवलं होतं. तशी एक बारीकशी खूण असते, छापायच्या आधी उघडणाऱ्या चौकटीत. दुकानवाल्यानं ते पाहिलं नव्हतं आणि बाबूंनी सांगितलं नव्हतं. बाबूंना ते ठाऊकच नव्हतं.

"बारा मिलिमीटर," ते म्हणाले. मग पट्टी पुन्हा लावली आणि म्हणाले, "मी तिले बारा मिलिमीटर लहान पाठवलो, सर."

पोरं बसून होती. मी त्यांना मैदानावर पाठवून दिलं. ती पट्टी बाबूंनी परत केली नाही, मीही मागितली नाही. माझ्या मनात एकच होतं, की थट्टा करण्याऐवजी मी तो कागद त्याच दिवशी स्वतः पोस्टात टाकायला हवा होता.

तुम्ही म्हणाल, मग आता तरी शहाणपणानं कागदच पाठवायचा. मीही तेच म्हटलं. पण आता वहिनींना डाव्या पायावर उभं राहता येत नव्हतं, आणि बसलेल्या माणसाचा पाय उभ्या माणसाएवढा पसरत नाही. उभ्या पायाचं माप होतं ते जुनंच, माझ्या कागदावरचं, आणि त्यात फेरफार करता येईल असं ते फक्त बाबूंच्या फाइलमध्ये. त्यात नवी जोडी करताना सूज असेल तर चार मिलिमीटर वाढवायचे, उतरली असेल तर कमी करायचे, आणि करंगळी काढायची. त्या करंगळीला सात बिंदू होते. बाबूंनी पहिला बिंदू पुसला आणि उठून नळावर गेले. तोंड धुऊन आले, दुसरा पुसला. असं करता करता शाळा सुटली. जुना पाय मात्र त्यांनी मोडला नाही, दुसऱ्या पानावर ठेवला, आणि त्या पानाला नाव दिलं "सुमन पूर्ण".

त्यानंतर बाबूंनी जे आरंभलं, ते पाहून गावानं त्यांना येडं ठरवलं. त्यांनी दहा सेंटिमीटरचा एक चौकोन काढला आणि तो घेऊन लाखनी ते साकोली रस्त्यावरचं छपाईचं एकेक दुकान गाठलं. चौकोन छापायचा, पट्टी लावायची. कुठं आडवा नऊ पॉइंट सात भरायचा, कुठं उभा दहा पॉइंट एक. त्यांचा त्यांनी तक्ता केला, अर्थात एक्सेलमध्येच, आणि ते प्रिंटरांबद्दल सोयऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलू लागले. "साकोलीवाला आडव्यात कंजूस हाये. लाखनीचा बस स्टँडवाला उभ्यात फुशारकी मारते." जो जितका खोटा छापतो, तितकं चित्र आधीच उलट्या बाजूनं वाढवायचं किंवा घटवायचं, म्हणजे कागदावर खरं उतरतं. दुकानदार त्यांना लांबून पाहून शटर अर्धं खाली ओढायचे.

एकदा मुख्याध्यापकांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसून, त्याच फाइलमध्ये, कुणाचं तरी लांबलचक नाव बसत नाही म्हणून रकाना रुंद केला. रकान्याला चिकटलेला पाय तीन बोटं रुंद झाला. बाबू आत आले, स्क्रीन पाहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा साहेबावर ओरडले. "साहेब, पाय हाये थो. रकाना नाई." मुख्याध्यापक बिचारे खुर्ची सोडून उभे राहिले. त्या दिवशी बाबूंनी चित्राला रकान्यापासून सोडवायची खूण शोधून काढली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन साहेबांची माफी मागितली.

हुसेनभाईंचेही हाल काही कमी झाले नाहीत. बाबू आता लाखनीला स्वतः छापायचे आणि रविवारी एसटीनं तो कागद नागपूरला नेऊन द्यायचे, कागद नळीत घालून, नळी मांडीवर आडवी ठेवून. पोचल्यावर आधी हुसेनभाईंच्या हातानं कोपऱ्यातला चौकोन मोजून घ्यायचा. आडवा. उभा. आता तिरका. एकदा मी सोबत गेलो होतो. हुसेनभाई पट्टी खाली ठेवून म्हणाले, "बाबूजी, चौकोन दस का है. अब पाँव की बात करें?"

पण त्या चपला बसल्या. एकदम बसल्या. सकाळी बाबू वहिनींच्या पायात चपला घालायचे, पट्ट्याखाली बोट घालून चारही बाजूंनी फिरवायचे. संध्याकाळी काढायचे, पाय मांडीवर घेऊन बॅटरीच्या उजेडात पाहायचे, लाली आहे का, पट्ट्याचा वळ आहे का. वहिनी त्या वेळात खुशाल टीव्ही पाहत. मला म्हणाल्या, "सर, आमच्या बाबूले माह्या तोंडापेक्षा माहे पाय जास्त पाठ हायेत. उद्या जत्रेत हरपलो तं पाय पाहूनच ओळखतीन." दीड वर्षं वहिनी गावभर चालल्या. तलावाच्या पारीवर गेल्या, कौतिकाबाईंसोबत भजनाला गेल्या, माझ्या मुलीच्या लग्नात मांडवभर फिरल्या. पायाला एक ओरखडा नाही.

मग किडन्या गेल्या. शुगरनं पायाला सोडलं ते तिथं धरलं. यात कुणाची काही चूक नव्हती, डॉक्टरांनीही सांगितलं आणि मीही बाबूंना पुन्हापुन्हा सांगितलं. उन्हाळा संपता संपता सुमनवहिनी गेल्या.

आमच्याकडे तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या नावानं दान देतात. अंथरूण, छत्री, बॅटरी, तांब्या, आणि पायात घालायला चपला. पुढची वाट लांबची, काट्याकुट्याची, अनवाणी कसं जाणार माणूस, म्हणून. बाईच्या नावाचं दान तिच्या वयाच्या सवाष्णीला द्यायचं. बाबूंचे मोठे भाऊ गावाहून आले होते, त्यांनी यादी केली आणि म्हणाले, "चपला बाजारातून सहा नंबरच्या आना."

"तिले सहा नंबर होत नाई, दादा," बाबू म्हणाले.

"अरे दानाच्या चपला हायेत. तिले कायले व्हाव्या लागतात? घेनारीले झाल्या म्हंजे झालं."

 तिसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून बाबू माझ्या दारात उभे. सुतकातला माणूस, घराबाहेर निघू नये. पण मी मोटरसायकल काढली आणि आम्ही लाखनीला गेलो.

आणि पाहतो तर दुकानात प्रिंटर नवीन. जुना, ज्याची सगळी खोड बाबूंना ठाऊक होती, तो दुकानदारानं महिन्याभरापूर्वी काढून टाकला होता. तक्ता फुकट. बाबूंनी चौकोन छापला. नऊ पॉइंट आठ. दुरुस्ती केली, छापला. उभा जास्त. पुन्हा. बाहेर ट्रकांची रांग लागली होती, आत पंख्याखाली कागदांचा ढीग वाढत होता. दुकानदार चांगला माणूस, त्यानं बाबूंच्या डोक्यावरचा रुमाल पाहिला आणि गुमान कागद भरत राहिला. अकराव्या पानाला माझाच धीर सुटला.

"बाबू, दोन मिलिमीटर आहे. राहू द्या ना. आता काय फरक पडतो?"

बाबूंनी पट्टी उचलली नाही. तशीच कागदावर धरून म्हणाले, "सर, पयले बी तिले दाबलं तं सांगता येत नव्हतं. पन संध्याकाळी मले पाय पाहाले भेटत होता. चुकलं तं दुसऱ्या दिवशी सुधरवत होतो. आता पाय नाई भेटनार. एकाच बारीत बरोबर व्हाले पायजे."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. विसावं की एकविसावं पान असेल. चौकोन आडवा दहा, उभा दहा, तिरकाही मोजला. मग पाय. उजवा दोनशे चौतीस. डावा दोनशे चौतीस, करंगळीशिवायचा. "सुमन पूर्ण" या पानावर त्यांनी थोडा वेळ बाण नेला होता, मग परत आणला. "होत्या तशाच जाऊ दे," ते म्हणाले. "रस्त्यात पाय बदलाले नोको." हुसेनभाईंनी चार दिवसांत चपला करून दिल्या आणि मापाबद्दल एकही शब्द विचारला नाही.

तेरवीच्या दिवशी मांडवात हे दान मांडलं तेव्हा कुजबुज सुरू झाली. डाव्या चपलेची बाहेरची कड उचललेली, आत मऊ थर, पट्टा भलत्याच जागी. ती कुणाच्याच पायात जाणारी नव्हती. मोठे भाऊ संतापले. घेणारीच्या उपयोगाला येत नाही ते दान कसलं, असं त्यांचं म्हणणं, आणि महाराजांनीही मान हलवली. ज्या बाईला बोलावलं होतं तिनं पाय घालून पाहिला आणि लाजून मागे सरली. बाबू खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, आता हे उठून आत जाणार.

तेव्हा बायकांतून कौतिकाबाई पुढं आल्या. वहिनींच्या भजनातल्या सोबतीण. पदर सावरून पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "इकडं आना. मी घेतो." मोठ्या भावांनी विचारलं, "तुमच्या पायाले होतात का?"

"मले कायले व्हाले पायजेत?" कौतिकाबाई म्हणाल्या. "चालाचं तं सुमनले हाये."

महाराजांनी बाबूंना हातानं पुढं बोलावलं. बाबू पुढं आले. चपला उचलून कौतिकाबाईंच्या पायाशी ठेवायच्या आणि नमस्कार करायचा, एवढंच करायचं होतं. बाबूंनी त्या उचलल्या आणि आधी डाव्या चपलेच्या पट्ट्याखाली बोट घातलं. आतून फिरवलं, पुढून, कडेनं, जिथं करंगळी असते तिथं जरा थांबले, मग टाचेकडून. मग उजव्या. सगळा मांडव पाहत होता. मग त्यांनी त्या खाली ठेवल्या आणि डोकं टेकवलं, आणि ते इतका वेळ वर झालं नाही की मी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पंधरा दिवसांनी बाबू शाळेत आले. दाखले तपासले, हजेरीचे तक्ते छापले. दुपारी माझ्या वर्गात कुणी नव्हतं, तेव्हा दारात येऊन उभे राहिले. घसा खाकरला. मला वाटलं, काही मोजायचं आहे.

"सर, एक इचारू का? हसजा नोको."

"विचारा, बाबू."

"मानूस गेलं म्हंजे," ते म्हणाले, "तेच्या पायाची जानीव परत येत असन का जी?"

मी चित्रकलेचा मास्तर. मला यातलं काय कळतं? आयुष्यात कधी देवळात नीट हात जोडले नाहीत. पण मी म्हटलं, "येत असेल, बाबू. नक्की येत असेल. तिकडं गेल्यावर शुगर कसली?"

बाबूंनी मान हलवली. 

"मंग बरं हाये," ते म्हणाले. "कुठं दाबलं तं तिचं तिले समजन. चपला काढून हातात घेईल थे."